घटनादुरुस्तीच्या प्रस्तावाचा अधिकार : कलम ३६८ च्या संदर्भात

प्रस्तावना
घटनादुरुस्तीच्या चर्चेत बहुमत, घटकराज्यांची संमती व न्यायालयीन पुनर्विलोकन यांचा सविस्तर विचार होतो. मात्र दुरुस्तीचा प्रस्ताव प्रथम कोणी मांडावयाचा, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहतो. वस्तुतः ज्याच्या हाती प्रस्तावाचा अधिकार असतो, तोच बदलाचा विषय व मसुदा ठरवितो.

प्रस्तावाची पद्धती
कलम ३६८ नुसार दुरुस्तीचा प्रारंभ केवळ संसदेत विधेयक मांडूनच होतो. विधेयक कोणत्याही सभागृहात मांडता येते. राष्ट्रपतींच्या पूर्वशिफारशीची आवश्यकता नसते. प्रत्येक सभागृहाने ते एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या किमान दोन-तृतीयांश बहुमताने संमत करावे लागते. त्यासाठी संयुक्त बैठक घेता येत नाही.

विधेयक मंत्र्यानेच मांडावे असे बंधन नाही. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला. त्याच वर्षी राजापूरचे खासदार नाथ पै यांनी तो अधिकार स्पष्ट करणारे खाजगी विधेयक मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. तथापि १९७१ च्या शासकीय २४ व्या घटनादुरुस्तीने तेच उद्दिष्ट साध्य केले. प्रस्ताव मांडण्याचा हक्क प्रत्येक सदस्यास असला, तरी तो तडीस नेण्याचे सामर्थ्य प्रायः शासनाकडेच असते, हे यावरून दिसून येते.

घटकराज्यांचे स्थान
१९४८ च्या घटनामसुद्यातील कलम ३०४ मध्ये राज्यपालाच्या निवडीची पद्धत व राज्य विधिमंडळातील सभागृहांची संख्या या मर्यादित विषयांपुरता राज्यांना प्रारंभाचा अधिकार देऊ केला होता. अंतिम घटनेत तो राहिला नाही. कलम १६९ नुसार विधान परिषदेच्या स्थापनेसाठी वा विसर्जनासाठी विधानसभेचा ठराव आवश्यक असतो. परंतु त्यानुसार होणारा कायदा कलम ३६८ च्या अर्थाने घटनादुरुस्ती मानला जात नाही.

राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालये, सातवी अनुसूची इत्यादी विषयांवरील दुरुस्तीस किमान निम्म्या राज्य विधिमंडळांची संमती लागते. वस्तू व सेवा कराविषयीच्या १०१ व्या घटनादुरुस्तीस २०१६ मध्ये अशी संमती मिळाली. मात्र ही संमती संसदेने मंजूर केलेल्या मसुद्यासच द्यावयाची असते. त्यात बदल सुचविण्याचा मार्ग कलमात नाही.

तुलना
अमेरिकेत काँग्रेसची दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश बहुमताने दुरुस्ती प्रस्तावित करतात किंवा दोन-तृतीयांश राज्यांच्या मागणीवरून त्यासाठी परिषद बोलाविली जाते. आजवरच्या सर्व २७ दुरुस्त्या पहिल्याच मार्गाने प्रस्तावित झाल्या. तरीही दुसरा मार्ग खुला असल्याने राज्यांची मागणी काँग्रेसला पूर्णतः डावलता येत नाही.

निष्कर्ष
भारतीय घटकराज्ये विशिष्ट विषयांत दुरुस्ती रोखू शकतात. सुरू करू शकत नाहीत. त्यांच्या विधानसभांचे ठराव ही केवळ विनंती ठरते. राष्ट्रीय एकात्मतेच्या दृष्टीने या रचनेचे समर्थन करता येते. तथापि केंद्राच्या अधिकारांना मर्यादा घालणारी दुरुस्तीदेखील केंद्रीय विधिमंडळानेच प्रस्तावित करावी लागते, ही मर्यादा संघराज्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावयास हवी.