जुना डिझेल पिकअप विकत घेताना

नव्या मालवाहू गाडीची किंमत आवाक्याबाहेर आणि भाड्याची गाडी लावावी तर नफा भाड्यातच जातो, अशा कोंडीत सापडलेला लहान व्यापारी बहुधा जुन्या डिझेल पिकअपकडे वळतो. दुधाचा रतीब घालणारा असो की मंडप उभारणारा, त्याची सारी शिल्लक या एका व्यवहारात गुंतते. म्हणून गाडी कशी पारखावी, याचा थोडा विचार करू.

पेट्रोल इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. दट्ट्या सिलिंडरमधली हवा इतकी दाबतो की ती विलक्षण तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सारा खेळ त्या दाबाचा. दट्ट्यावरच्या रिंगा झिजल्या की दाब निसटतो, आणि त्याची पहिली खूण सकाळी, इंजिन गार असताना दिसते. म्हणून गाडी पाहावयास सकाळीच जावे, आणि जाताच बॉनेटवर हात ठेवून पाहावा. ते आधीच तापलेले लागले, तर विकणाऱ्याची ही तत्परता संशयास्पद समजावी व दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.

इंजिन चालू झाल्यावर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन अधिक किंवा हवा अपुरी; हा दोष पुष्कळदा फिल्टर वा इंजेक्टर सुधारून जातो. थंडीत क्षणभर पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. तो थांबेचना, तर मात्र सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याचा संभव असतो. मग इंजिन मंद चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करावे. तेथून वाफेसारखा धूर जोराने, धापा टाकल्यासारखा येऊ लागला, तर मोठी दुरुस्ती जवळ आली आहे.

किलोमीटरच्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवीत नाही. तो मागे फिरवता येतो. पायाखालच्या पेडलांचे झिजलेले रबर अधिक खरे बोलते.

इंजिन नवे बसविता येते, चॅसी सडली की इलाज महाग. कोकणपट्टीत मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचे खारे पाणी हौद्यातून खाली झिरपत राहते. म्हणून गाडीखाली शिरून चॅसीवर लहान हातोडीने ठोकून पाहावे. गंजलेल्या जागी आवाज बद्द येतो. मागच्या पाट्यांत वरून जादा पाटा घातलेला दिसला, तर गाडीने क्षमतेहून अधिक ओझे वाहिले असावे.

आता कागद. चॅसीवर कोरलेला क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावा. नोंदणीवर कर्जाचा बोजा असल्यास तो नमुना ३५ भरून उतरवून घेतल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. मालवाहू वाहन आठ वर्षांहून जुने झाले की योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. त्याची मुदत पाहावी. एकूण वजन ३००० किलोपर्यंतच असलेल्या मालवाहू गाडीस परवान्याची गरज नसते, ही त्यातल्या त्यात सोय.

दिल्लीकडची गाडी स्वस्त का मिळते, हे कित्येकांना उमगत नाही. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर तेथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीत बदल झाले. तेव्हा सद्यःस्थिती परिवहन कार्यालयात विचारूनच जावे, आणि नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र हाती पडल्याखेरीज गाडी हलवू नये. आपल्या राज्यात भरावा लागणारा करही किमतीत धरावा.

नमुना २९ व ३० यांवर सह्या झाल्या म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. नोंदवहीत नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक जुनाच राहतो. अनेक हातांतून विकल्या गेलेल्या एका मोटारीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदणीवरील मालकासच भरपाईस जबाबदार धरले. याकरिता विकणाऱ्यालाही सोबत घेऊन परिवहन कार्यालयात जावे, आणि विमा कंपनीकडेही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावाचा अर्ज द्यावा.