मोठी माणसं, शेवटचे दिवस – ५ : सहा डिसेंबरनंतरची कुजबुज

वैनगंगेच्या अलीकडे कारधा, पलीकडे भंडारा. १९५४ साली या भंडारा मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांना गेली, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता आले. तेव्हा मत दिलेली माणसं आज नव्वदी ओलांडलेली असणार. पण कारध्याच्या चहाटपरीवर सहा डिसेंबरचा विषय निघाला की म्हाताऱ्या मंडळींचं बोलणं हमखास एकाच जागी येऊन थांबतं : "साहेब असे गेलेच कसे बाप्पा?"

प्रश्न आजचा नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत, २६ अलीपूर रोडच्या बंगल्यात, बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रं पलंगाजवळ आणून ठेवायला सांगितली. झोपण्यापूर्वी त्यांवरून एकदा हात फिरवायचा होता. टंकलेखन करणारे त्यांचे सहकारी नानकचंद रत्तू कागद ठेवून घरी गेले. सकाळी पत्नी सविताबाई उठवायला गेल्या, तेव्हा सारं संपलं होतं. त्याच रात्री पार्थिव विमानाने मुंबईला निघालं आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. शंकेला तोंड फुटलं तेव्हा तपासायला देह उरलाच नव्हता.

शंका विषाची होती आणि तिचा रोख थेट सविताबाईंवर होता. त्या जन्माने सारस्वत, पेशाने डॉक्टर, १९४८ पासूनच्या पत्नी. बाबासाहेबांना जुना मधुमेह होता, पाय दुखत, दृष्टी मंदावली होती. आधार घेतल्याशिवाय चालणं कठीण झालं होतं. दिल्लीत रोज भेटणाऱ्यांना हे ठाऊक होतं. पण कारध्यासारख्या गावाने पाहिलेले बाबासाहेब वेगळे होते. १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा देणारा माणूस आठ आठवड्यांच्या आत जातो, हे गळी उतरायचं कसं? आजार कुणी पाहिलेला नव्हता, दीक्षा सगळ्यांनी पाहिली होती. त्यात घरात डॉक्टर असताना माणूस वाचला नाही, म्हणजे पाणी मुरतंय, असा हिशेब झाला. त्या बाईंची जात त्या हिशेबात आधीच धरलेली होती, हे मात्र सहसा कुणी बोलत नाही.

काही खासदारांनी चौकशीची मागणी लावून धरली. दिल्लीचे पोलीस उपमहानिरीक्षक सक्सेना यांच्याकडे तपास गेला आणि १९५७ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी लोकसभेत मृत्यू नैसर्गिक असल्याचं सांगितलं. माझ्या मते खरी चूक इथे झाली. निष्कर्ष सांगितला, पण ज्यावरून तो काढला तो अहवाल लोकांपुढे ठेवला नाही. डॉक्टरांची मतं, साक्षी, औषधांच्या नोंदी तेव्हाच छापल्या असत्या तर निम्मी कुजबुज तिथेच थांबली असती. नेताजींच्या बाबतीत तर शाहनवाझ समिती, खोसला आयोग, मुखर्जी आयोग अशा तीन फेऱ्या झाल्या, तरी वाद मिटला नाही. कारण कागद बंदच होते. दडवलेला कागद लोकांना कबुलीजबाबासारखा वाटतो.

या सगळ्याची किंमत एका बाईने मोजली. सविताबाई चळवळीपासून दूर फेकल्या गेल्या. रिपब्लिकन पक्षाच्या पुढाऱ्यांनाही त्या दूर असणं सोयीचंच होतं. बाबासाहेबांच्या वारशावर हक्क सांगू शकणारं एक माणूस तेवढंच कमी झालं. १९९० मध्ये बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, ते राष्ट्रपती भवनात सविताबाईंनी स्वीकारलं. त्याच सुमारास 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे त्यांचं आत्मकथन आलं. २००३ मध्ये त्या मुंबईत वारल्या.

विषाच्या गोष्टीवर ज्यांचा अजूनही विश्वास आहे, त्यांनी निदान ते पुस्तक एकदा वाचावं. त्यातली आजारपणाची पानं वाचा आणि मग काय ते ठरवा. पुढच्या आठवड्यात : ताश्कंद, ११ जानेवारी १९६६.