सागरतळावरील गाळाचे ध्वनिमापन

सागरतळावरील गाळाचे गुणधर्म जाणण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे तळात नळी रोवून त्याचा नमुना वर काढणे. परंतु नमुना जहाजावर येईपर्यंत त्यावरील पाण्याचा दाब नाहीसा होतो, तापमान पालटते आणि मृदू गाळाची मूळ रचना विस्कटते. म्हणून गाळाची परीक्षा जागच्या जागी करावयाची, तर ध्वनीचा आश्रय घेणे अवश्य ठरते.

समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १५०० मीटर असतो. वाळूत तो सुमारे १७०० मीटरपर्यंत वाढतो. उलट अतिमृदू चिखलात तो पाण्यातील वेगाहूनही किंचित कमी भरतो. हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु अशा चिखलात कणांमुळे घनता जितकी वाढते, तितका ताठरपणा वाढत नाही. वेग घटतो तो त्यामुळेच.

तळावर सरळ आदळून परतणाऱ्या प्रतिध्वनीची तीव्रता घनता व वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. एवढ्यावरून या दोन राशी पृथक् करता येत नाहीत. त्यासाठी ध्वनी निरनिराळ्या कोनांतून सोडावा लागतो. मृदू चिखलाच्या बाबतीत एका विशिष्ट तिरप्या कोनात प्रतिध्वनी जवळजवळ लोपतो, कारण ध्वनी गाळातच शिरतो. अर्थात् प्रतिध्वनीचा अभावही येथे पुरावाच होय.

ताठरपणाचे मापन निराळ्या प्रकारे होते. कणांना आडवे हलविणारे अवतरंग पाण्यातून जाऊ शकत नाहीत. ते गाळातून मात्र मंद गतीने जातात. पाणी व गाळ यांच्या सीमेवरून सरकणारे तरंग तळावरील जिओफोन टिपतात व त्यांवरून अवतरंगांचा वेग काढता येतो.

अमेरिकेत केप कॉडच्या दक्षिणेस, सुमारे ७५ मीटर खोल पाण्याखाली, चिखलाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. २०१७ मध्ये तेथे झालेल्या संयुक्त प्रयोगात गाळाचे नमुने, तळात रोवलेल्या ध्वनिशलाका व हायड्रोफोनच्या माळा यांचा उपयोग करण्यात आला. जवळून जाणाऱ्या व्यापारी जहाजांचा आवाजही ध्वनीचा उगम म्हणून कामी आला. चिखलातील वेग पाण्यातील वेगाहून किंचित कमी असल्याचे तेथेही आढळले.

हा फरक लहान असला तरी उपेक्षणीय नाही. उथळ समुद्रात पाणबुडीचा आवाज किती दूर ऐकू येईल, याचे गणित त्यावर अवलंबून असते. आणि समुद्रातील पवनचक्कीचा पाया गाळात कितपत टिकेल, याचा अंदाज अवतरंगांच्या वेगावरून बांधता येतो.