डोळा मिटला की जीभ थांबते

दिवसाउजेडी डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन आजारी आहे, असंच धरून चालावं. कुत्रं दुपारी पेंगतं, मांजर तर दिवसभर लोळत असतं. हा प्राणी मात्र दिवा लागल्यापासून मालवेपर्यंत टक्क जागा असतो. एक डोळा पुढे, एक मागे, आणि दोघांपैकी एकाचं लक्ष हमखास आपल्यावर. म्हणून आमच्याकडे नव्यानं आलेल्या पाहुण्याचा उजवा डोळा भर दुपारी मिटलेला दिसला, तेव्हा 'झोप लागली असेल' हे मुलीचं म्हणणं मी मानलं नाही.

तो आमच्याकडे आयता आला. शिकागोच्या पश्चिमेला, आमच्याच उपनगरात राहणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाची बदली झाली आणि पिंजरा, दिवे, रातकिड्यांचा डबा, भुकटीच्या बाटल्या अशा बिऱ्हाडासकट हा येमेनी शॅमेलिऑन आमच्या दिवाणखान्यात येऊन बसला. डोक्यावरचा उंच तुरा आणि एकेक पाऊल तोलून टाकण्याची चाल पाहून मुलीनं त्याचं नाव 'रावसाहेब' ठेवलं. निघताना त्या मंडळींनी दोन तक्रारी सांगितल्या होत्या. एक डोळा अधूनमधून मिटतो, आणि हल्ली नीट खात नाही.

खरं म्हणजे या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. ते कळायला या प्राण्याला शिकार करताना जवळून बघावं लागतं. डोळा म्हणजे कातडीनं झाकलेला एक फुगीर शंकू. पापण्या एकमेकींना जुळलेल्या, मध्ये बाहुलीपुरतं भोक. किडा दिसला की आधी एक डोळा त्याच्यावर थांबतो. मान सावकाश वळते, दुसरा डोळाही पुढे येतो आणि दोन्ही एकाच जागी खिळतात. तोंड किंचित उघडतं, जिभेचं गुबगुबीत टोक ओठांत दिसतं आणि मग जीभ सुटते, शेपूट सोडून उरलेल्या अंगाच्या दीड-दोन पट लांब. अंतराचा अंदाज तो डोळ्यातल्या भिंगाची जुळणी करून घेतो. लिंडसे हार्कनेस यांनी १९७७ साली 'नेचर'मध्ये हे मांडलं होतं. शॅमेलिऑनच्या डोळ्यांपुढे भिंगं बसवली की जीभ चुकीच्या अंतरावर जाते, असं त्या प्रयोगात दिसलं. डोळ्यावर सूज किंवा चिकट साका आला तरी नेम असाच बिघडतो. रावसाहेब रातकिड्यावर नेम धरायचे, जीभ सुटायची आणि दोन बोटं अलीकडेच पडायची. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. मग तोंड मिटून मान फिरवून बसायचे. भूक होती, नेम गेला होता.

अशा वेळी घरातल्या कपाटातले डोळ्यांचे थेंब काढावेसे वाटतात. ते अजिबात करू नये. माणसांच्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं आणि बुबुळावर ओरखडा असेल तर त्यानं जखम चिघळते. त्याऐवजी खुर्ची ओढून पिंजऱ्यासमोर बसावं आणि बघावं.

बघायचं काय? पहिलं, एक डोळा की दोन्ही. एकच असेल तर त्या डोळ्यात काहीतरी गेलेलं असण्याचा संभव जास्त. कातीचा तुकडा, रातकिड्याची तंगडी, पिंजऱ्याच्या तळाशी घातलेल्या नारळाच्या काथ्याचा कण, नाहीतर फांदीचा ओरखडा. रात्री पिंजऱ्यात उरलेले उपाशी रातकिडे झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात, हेही अनेकांना माहीत नसतं. दोन्ही डोळे मिटत असतील तर कारण डोळ्याबाहेर शोधावं: दिवा, पाणी, खाणं किंवा अंगातला दुसराच आजार. डोळा आत ओढला गेला असेल तर पाणी कमी पडतंय किंवा जनावर फार अशक्त झालंय. बाहेर सुजून आला असेल तर आत पू किंवा साका धरलाय.

फुगलेला प्रत्येक डोळा मात्र आजारी नसतो. फवारा पाच-दहा मिनिटं नीट चालला की शॅमेलिऑन डोळे धुतो. शंकू एकदम टम्म फुगतो, आतलं बुबुळ मागे, वर, खाली कुठेही फिरतं, मग तो डोळा फांदीवर घासतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरून डॉक्टरांना फोन लावतो; तेवढ्यात डोळा पूर्ववत होऊन त्याच्याकडेच रोखून बघत असतो. रावसाहेबांचा डावा डोळा असा धुतला जायचा. उजवा फुगायचा, पण उतरायचा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. सकाळी दिवे लागले की रावसाहेबांचे दोन्ही डोळे उघडे. तासा-दोन तासांनी डावाही किलकिला व्हायचा, दुपारपर्यंत ते दिव्याखालची फांदी सोडून पानांच्या अंधारात जायचे. एका दुपारी अतिनील किरणांचा दिवा तेवढा बंद ठेवला, ऊब देणारा चालू ठेवला. डावा डोळा उघडला. तिथे संशयाची सुई दिव्याकडे वळली.

हा दिवा पिळाचा होता, घरातल्या जुन्या सीएफएलसारखा, आणि फांदीच्या अगदी डोक्यावर लावलेला. दुकानदारानं 'सरड्यांसाठीच आहे' म्हणून दिलेला. २००० नंतरच्या दशकात अशा काही पिळाच्या दिव्यांखाली सरड्यांचे आणि कासवांचे डोळे सुजल्याच्या बऱ्याच तक्रारी आल्या. ब्रिटनमधल्या फ्रान्सेस बेन्स यांनी ते दिवे मोजले, तेव्हा काहींतून उन्हात नसणारे अपायकारक आखूड लहरींचे किरण निघत असल्याचं आढळलं. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघितल्यावर माणसाचं जे होतं, तेच जनावराचं होतं. पुढे दिवे सुधारले, तरी जाणकार आता सरळ नळीचा टी-फाइव्ह दिवाच लावायला सांगतात, कारण त्याचा प्रकाश सगळ्या पिंजऱ्यावर सारखा पडतो. तो किती उंचीवर टांगायचा हे अंदाजानं ठरवू नये. पिंजऱ्याची बारीक जाळी त्यातला तिसरा हिस्सा सहज खाते, आणि नळी दिसायला लख्ख पेटत असली तरी वर्षभरात तिच्यातलं यूव्हीबी, म्हणजे सरड्याला लागणारे अतिनील किरण, उतरतं. हे किरण मोजणारा मीटर महाग आहे, पण सरडे पाळणाऱ्या स्थानिक मंडळांत कोणाकडे तरी असतोच. आम्हीही मागून आणला. उन्हाचा जो यूव्ही निर्देशांक हवामानखातं सांगतं, तोच हा मीटर दाखवतो. येमेनी शॅमेलिऑनला ऊन खायच्या फांदीवर तो साधारण ३ असला की पुरे. आणि काचेच्या खिडकीजवळ पिंजरा ठेवला म्हणजे ऊन मिळालं, हा गैरसमज. काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही.

दिवा बदलल्यावर डावा डोळा सुधारला. उजवा तसाच. म्हणजे दिवा दोषी होता, पण एकटा नव्हता.

पाण्याचा हिशेब विष्ठेत दिसतो. सरड्याच्या विष्ठेबरोबर युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, भाग पडतो. तो पांढरा असेल तर ठीक. पिवळा-नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय. इथल्या हिवाळ्यात घरातली भट्टी दिवसरात्र चालते आणि हवा पापडासारखी कोरडी होते. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा पीत नाही. पानावरून ओघळणारा थेंबच त्याला पाणी म्हणून कळतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ लांब फवारा आणि दिवसा वरून ठिबक. ठिबकचं वेड मी सोलापूरहूनच घेऊन आलोय, त्यामुळे ते जोडायला वेळ लागला नाही.

मग भुकटीच्या बाटल्या. व्हिटॅमिनच्या बाटलीची तारीख केव्हाच उलटलेली, आणि मागे छापलं होतं फक्त बीटा कॅरोटिन. आपण गाजरातल्या बीटा कॅरोटिनचं अ जीवनसत्त्व बनवतो. शॅमेलिऑनला ते पुरेसं जमतं यावर भरवसा ठेवता येत नाही, त्याला तयार अ जीवनसत्त्व, म्हणजे रेटिनॉल, थोडं तरी लागतं. रातकिड्यात ते नावापुरतंच. शिवाय या घरचे रातकिडे दुकानातल्या डब्यातून थेट पिंजऱ्यात जात, म्हणजे तेही उपाशीच. अ जीवनसत्त्व कमी पडलं की अश्रुवाहिन्यांचं आतलं मऊ अस्तर जाड आणि राठ होतं, वाहिनी तुंबते, पापणीखाली साका साठतो आणि त्यात मग जंतू घर करतात. हे सगळं तर्कानं कळलं तरी औषध स्वतःच्या मनानं द्यायचं नाही. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते, आणि ड जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा येऊन हाडंही मऊ पडू शकतात.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टर तासाभराच्या अंतरावर मिळाल्या. कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या दवाखान्यात नेऊन उपयोग नसतो. तिथले लोक भले असतात, पण या डोळ्याशी त्यांचा संबंध क्वचितच येतो. बाईंनी आधी त्याला हातच लावला नाही, चालताना बघितलं. मग वजन. मग जबडा दोन बोटांत हलकेच दाबून बघितला, कारण कॅल्शियम कमी पडलं तर जबडा रबरासारखा लवतो आणि मग जीभही धड सुटत नाही. पुष्कळदा 'खात नाही'चं मूळ तिथे असतं. तोंड उघडून हिरड्या, टाळू, जिभेचं मूळ तपासलं. डोळ्यात नारिंगी रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहिलं. बुबुळावर ओरखडा असता तर तिथे हिरवं चमकलं असतं, चमकलं नाही. मग कोमट सलाइननं पापणीखाली धुवायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं चिमट्याच्या टोकावर पिठूळ, पिवळट असा एक गोळा आला, मोहरीच्या दाण्याहून लहान. इतक्याशा गोष्टीनं त्या डोळ्यानं महिनोन्‌महिने जगाकडे पाठ फिरवली होती. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, जंत नव्हते. प्रतिजैविक थेंब आणि वजनावर बेतलेली अ जीवनसत्त्वाची तोंडावाटे मात्रा, तीही अंतरा-अंतरानं.

भूक मंदावण्याची बाकीची कारणं थोडक्यात सांगतो. मादी अंडी घालण्याआधी खाणं सोडते, नर जवळ नसला तरी. येमेनी नराला मागच्या पायाच्या टाचेवर जन्मतःच एक छोटं टोक असतं. रावसाहेबांना ते होतं, म्हणून तो प्रश्न मिटला. वाढलेल्या नराला एक दिवसाआड मोजके किडे पुरतात, त्यामुळे पिलाएवढं खात नाही ही तक्रारच नव्हे. अंग गार असेल तर पचन चालत नाही. ऊन खायच्या जागी साधारण ८५ फॅरनहाइट, म्हणजे २९-३० सेल्सिअस लागतं. आणि कधीकधी तो नुसता कंटाळतो. वर्षभर रातकिडेच वाढले तर कोण जेवेल? डुबिया झुरळं, रेशमाच्या अळ्या, हिरवे हॉर्नवर्म असा पालट केला की डोळे चमकतात. अंगणातले किडे मात्र पकडून देऊ नयेत. इथे जूनमध्ये काजव्यांनी गवत भरून जातं, पण काजव्यातलं विष सरड्याला जीवघेणं ठरतं.

तोंडात जबरदस्तीनं घास कोंबण्याचा मोह या सगळ्यात वाईट. आधी पाणी, मग ऊब, मग खाणं. सुकलेल्या जनावराच्या पोटात अन्न ढकलणं हाच त्याच्यावर भार. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आम्ही अळी नुसती ओठांपाशी धरत असू, घेतली तर घेतली. खरा आधार दिला तो स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यानं. दर आठवड्याला फांदीसकट ठेवायचं, फांदीचं वजन वजा करायचं. आज खाल्लं की नाही यानं जीव खालीवर होतो, पण वजन टिकून असेल तर धीर धरता येतो. रातकिड्यांना आता भोपळा, मोहरीची पानं, गाजर मिळतं. देण्याआधी कॅल्शियमच्या भुकटीत घोळले जातात, आणि रेटिनॉल असलेली व्हिटॅमिनची भुकटी महिन्यातून दोनदा. उजवा डोळा पूर्ण उघडायला ऋतू पालटावा लागला. मधल्या काळात त्यांनी एका हॉर्नवर्मवर जीभ टाकली, ती नेमकी बसली, आणि मुलगी एवढ्या जोरात ओरडली की रावसाहेब रागानं काळेठिक्कर पडले.

हे वाचून गावाकडे कोणाला घोयरा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन, धरून आणावासा वाटला तर तो विचार सोडून द्यावा. आपला घोयरा सरडा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, त्याला पाळणं गुन्हा आहे. जखमी दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवावं. येमेनी शॅमेलिऑनही वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२४च्या नियमांनुसार असे परदेशी प्राणी भारतात बाळगायचे तर सरकारी नोंद करावी लागते. अमेरिकेत मुलं हट्ट धरतात आणि दुकानात तो सहज मिळतो, म्हणून इथल्या मराठी आईबापांना एवढंच सांगणं आहे: पिंजरा विकत घेण्याआधी 'एआरएव्ही' या सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या यादीत जवळचा डॉक्टर शोधा, फोन करून शॅमेलिऑन तपासता का, हे विचारा. गाडीच्या टप्प्यात असा कोणी नसेल, तर सरडा आणू नका.