ऐंशी फुटांचा समुद्र

ऑगस्ट १९७०. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पेन कोव्ह इथं जाळी टाकून ऑर्कांची (किलर व्हेलची) पिल्लं आयांपासून तोडली गेली. त्यांतली टोकिताए मायामीला खेळ करू लागली. ती २० फुटांची, हौद ८० फूट लांब आणि ३५ फूट रुंद! तिच्या कुळातली मुलं जन्मभर आईसोबत राहतात. प्रत्येक कळपाची हाकांची बोलीही वेगळी. हौदातला तिचा ऑर्का जोडीदार ह्यूगो भिंतीवर डोकं आपटायचा; १९८० मध्ये तो मेला. पुढं डॉल्फिन सोबतीला होते, ऑर्का एकही नाही. करमणुकीसाठी केलेलं हे क्रौर्य अक्षम्य आहे. तिला समुद्रात परत न्यायचं ठरलं, पण १८ ऑगस्ट २०२३ ला ती त्याच हौदात मेली. भारतानं २०१३ मध्येच डॉल्फिनच्या अशा खेळांना परवानगी नाकारली आहे.