दोन कार्बोरेटर, एक मूठ: ड्रॅगसाठी राजदूत ३५० ट्यून करताना

एपिसोड ऐकला असेल तर हा त्याचा लेखी अवतार, आणि ऐकला नसेल तरी हरकत नाही, सगळं इथे आहे. गॅरेजमध्ये गाडीशेजारी मोबाइल ठेवून एकेक पायरी करता यावी, म्हणून क्रम तसाच ठेवलाय.

विषय आहे जुन्या ड्रॅग गाडीचे कार्बोरेटर आणि रेसची केबल. हे म्हटलं की डोळ्यांसमोर साठच्या दशकातली अमेरिकन ड्रॅग कार येते: बॉनेटच्या वर आलेले दोन चार-तोंडी कार्बोरेटर आणि त्यांना जोडणारी सळई. आपल्याकडे तोच प्रश्न दोन चाकांवर आला. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत ३५०’ नावाने बाजारात आणली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा मिकुनी पद्धतीचा कार्बोरेटर. हाय टॉर्क मॉडेलची ताकद ३०.५ बीएचपी, लो टॉर्कची २७. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ सारख्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. आपल्या वर्ध्यातही एखाद्या घरी ताडपत्रीखाली अशी गाडी निघतेच.

आजचा मुद्दा एकच: मोठा जेट टाकला की गाडी पळते, हा गैरसमज आहे. आधी दोन्ही सिलिंडर एकाच वेळी एकच काम करतायत का ते बघा. त्यानंतर जेट. हा क्रम चुकला तर पिस्टन जातो.

लीन म्हणजे धोका का?

पेट्रोल कमी आणि हवा जास्त, म्हणजे लीन. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल फक्त जळत नाही, आत येताना ते पिस्टन आणि क्रँककेस थंडही करतं. ते कमी पडलं की पिस्टनचा माथा तापतो, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. यालाच आपण ‘गाडी सीज झाली’ म्हणतो. कधी पिस्टनला सरळ भोकच पडतं. फसवणूक अशी, की सीज व्हायच्या आधी लीन गाडी बरेचदा जास्त मोकळी, जास्त तिखट पळते. आपण खूश होतो, आणि पुढच्या दोनशे मीटरमध्ये मागचं चाक लॉक होतं.

पायरी १: हवा कुठून घुसतेय?

कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर चाळीस वर्षांत कडक होतं, तडकतं. एका बाजूचं रबर फाटलं की त्या सिलिंडरला चोरून हवा मिळते. रबर काढून वाकवून बघा. तडा दिसला तर बदला. हे न करता स्क्रू फिरवणं म्हणजे बग दुसऱ्याच फाइलमध्ये असताना भलताच कोड बदलत बसणं.

पायरी २: केबल

राजदूत ३५० मध्ये मुठीतून एक केबल निघते आणि पुढे तिच्या तीन होतात: दोन कार्बोरेटरना, तिसरी ऑइल पंपाला. म्हणजे तुम्ही रेस देता तेव्हा तीन गोष्टी एकत्र हलायला हव्यात.

- एअर फिल्टर काढा. कार्बोरेटरच्या तोंडातून आतली गोल स्लाइड दिसते. इंजिन बंद ठेवून मूठ हळू फिरवा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उठल्या पाहिजेत. डोळ्यांवर विश्वास नसेल तर दोन्हीखाली सारख्या जाडीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा ठेवा. दोन्ही दांडे एकदम सैल झाले पाहिजेत. एक आधी सैल झाला तर केबलच्या ॲडजस्टरने जुळवा.
- मूठ पूर्ण उघडा. दोन्ही स्लाइड भोकाच्या पूर्ण वर गेल्या पाहिजेत. एक जरी अर्धवट लटकत राहिली तरी एक सिलिंडर पूर्ण ताकदीवर येणार नाही, आणि तुम्ही दोष जेटला देत बसाल.
- ऑइल पंपाच्या पुलीवरची खूण पिनशी जुळते का, हे मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत तपासा. कार्बोरेटरची केबल हलवली की पंपाचंही जुळणं बिघडू शकतं. रेस पूर्ण आणि ऑइल अर्धं, हा सीज होण्याचा सरळ रस्ता.
- शेवटी गाडी सुरू करून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. स्लो वाढला तर केबल कुठेतरी ओढली जातेय. मुठीला थोडी मोकळीक हवीच.

अमेरिकन ड्रॅग कारमध्ये हीच गोष्ट सळईने करतात. काही जोडण्यांत दोन्ही कार्बोरेटर सुरुवातीपासून सारखे उघडतात, काहींत एक आधी आणि दुसरा नंतर. आपल्या गाडीत हा पर्याय नाही. एका सिलिंडरला एक कार्बोरेटर असल्यामुळे दोन्ही सारखेच उघडायला हवेत.

पायरी ३: स्लो

इंजिन गरम असू द्या. दोन्ही हवेचे स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, मग साधारण दीड फेरी बाहेर. तिथून थोडं आत-बाहेर करत इंजिनचा वेग जिथे सगळ्यात जास्त होतो तिथे थांबा, आणि स्लाइडच्या स्क्रूने स्लो खाली आणा. मिकुनीमध्ये हा हवेचा स्क्रू आहे, त्यामुळे बाहेर काढला की लीन, आत घेतला की रिच. मग दोन्ही सायलेन्सरच्या मागे हात धरून बघा, झोत सारखा लागला पाहिजे.

पायरी ४: निडल आणि मेन जेट

मूठ किती उघडली त्यावर कार्बोरेटरचा कोणता भाग काम करतो ते ठरतं:

- आठव्या भागापर्यंत: पायलट जेट आणि हवेचा स्क्रू
- आठव्या भागापासून पावपर्यंत: स्लाइडचा खालचा काप
- पाव ते पाऊण: निडल
- पाऊण ते पूर्ण: मेन जेट

निडलची क्लिप एक खाच खाली केली की निडल वर उठते, मिश्रण रिच होतं. ड्रॅगमध्ये पहिले काही मीटर सोडले तर गाडी पूर्ण रेसवर असते, म्हणून मेन जेट महत्त्वाचा. पण एका वेळी एकच बदल करा, दोन्ही बाजूंना सारखाच, आणि तारीख-तापमानासकट वहीत लिहा. सुरुवात कायम रिचकडून करा. गाडी वरच्या वेगात भरभरली तरी चालेल, तिथून एकेक पायरी खाली या.

आता वर्ध्याचं गणित

समजा तुम्ही मे महिन्यात, ४५ अंशांत, वर्ध्यात गाडी सेट केली आणि डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांत लोणावळ्याच्या बाजूला धावपट्टीवर नेली. नुसत्या थंडीमुळे हवा जवळपास १२ टक्के दाट होते. वर्धा सुमारे २३५ मीटर उंचीवर, लोणावळा सुमारे ६००. उंचीमुळे चारेक टक्के परत विरळ. म्हणजे हवा एकूण सातेक टक्के दाट. कार्बोरेटर यातला साधारण अर्धा फरक स्वतः भरून काढतो. उरलेले साडेतीन टक्के तुम्ही लीन. १४० चा जेट असेल तर १४५ ची पायरी तिथे लागते. मे महिन्यात काठावर सेट केलेली गाडी डिसेंबरात सीज होते ती यामुळेच. मिस्त्रीचा दोष नसतो.

दुसरी गोष्ट, पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं, आणि त्याला तेवढ्याच हवेसाठी सुमारे ७-८ टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या मॅन्युअलमधला जेटचा नंबर इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी होता. तो जसाच्या तसा टाकू नका. इथेनॉल जुन्या रबरी ओ-रिंगाही खराब करतं आणि ओलावा धरतं, म्हणून गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

तपासणी कुठे करायची?

पूर्ण रेसवर गाडी नेऊन क्लच दाबायचा, लगेच इंजिन बंद करायचं आणि प्लग बघायचा. कॉफीसारखा तपकिरी बरा. पांढरा असेल तर थांबा, जेट वाढवा. काळा आणि ओला म्हणजे रिच. फिनिशनंतर उच्च वेगात मूठ एकदम बंद करून गिअरमध्येच गाडी घरंगळू देऊ नका. त्या क्षणी चाक इंजिन फिरवत असतं, पण पेट्रोल आणि ऑइल दोन्ही तुटपुंजं. क्लच ओढा.

आणि हे सगळं बंद धावपट्टीवरच. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, सरळ आहे, मोह होतो. पण तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. आणि राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. शिवाय गाडी सीज होऊन मागचं चाक लॉक होईल तेव्हा मागून ट्रक येत नसावा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तुमच्या गाडीत कुठला जेट आहे आणि कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात सेट केला, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात ऑइल पंप उघडू. भेटू!