संगणकाचे जोते

बडोद्यास कलाभवन निघाले ते १८९० साली. यंत्रविद्या लोकांच्या भाषेतून शिकवावी, असा सयाजीराव महाराजांचा त्यामागे हेतू होता. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रशाखेत सामावले. यंत्र उघडून, समजून घेऊन मग वापरावे, ही ओढ मात्र कायम राहिली. एखादा विद्यार्थी तयार संगणक न घेता त्याचे भाग निवडून घरीच जुळवू पाहतो, तेव्हा तिचेच दर्शन घडते. त्याच्या हाती पैसा बेताचा असतो; तो सार्थकी लागणार की वाया जाणार, हे बहुतांशी मदरबोर्डच्या निवडीवर ठरते.

मदरबोर्ड स्वतः आकडेमोड करीत नाही. ते काम प्रोसेसरचे. प्रोसेसर, रॅम आणि साठवणुकीची साधने यांना वीज पोहोचवणे व त्यांचा परस्परांशी संबंध जोडणे, हे मदरबोर्डचे काम होय. घराच्या जोत्याकडे कोणी पाहत नाही. पण वर किती मजले चढतील, हे जोतेच ठरवते. तसेच हे.

म्हणून पहिला नियम असा की, आधी काम ठरवावे, मग प्रोसेसर आणि त्यानंतर बोर्ड. प्रोसेसर ज्या जागी बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीच्या २०२२ च्या एएम-५ सॉकेटमध्ये आधीच्या एएम-४ चा प्रोसेसर बसत नाही. इंटेलच्या २०२१ च्या एलजीए १७०० आणि २०२४ च्या एलजीए १८५१ यांचेही तसेच. सॉकेट जुळले तरी बोर्डावरील बायोस ही मूळ आज्ञावली जुनी असेल, तर नवा प्रोसेसर बसूनही संगणक सुरू होत नाही. याकरिता बोर्डाच्या निर्मात्याने दिलेल्या यादीत प्रोसेसरचे नाव आणि बायोसची आवृत्ती पाहूनच पैसे द्यावेत. रॅमचेही असेच आहे: डीडीआर-४ आणि डीडीआर-५ च्या पट्ट्या दिसायला सारख्या, परंतु त्यांची खाच निराळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

दुसरा प्रश्न चिपसेटचा. किमतीतील फरक पुष्कळदा येथे पडतो. इंटेलच्या बोर्डांत झेड मालिका ही प्रोसेसरची गती नेमलेल्या मर्यादेपलीकडे नेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. लेखन, हिशेब, प्रोग्रामिंग करणाऱ्याचे बी मालिकेवर उत्तम भागते. वाचलेला पैसा रॅमवर खर्चावा.

तिसरी गोष्ट उष्णतेची. बडोद्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो. बोर्डावरील वीज-नियामक भाग १२ व्होल्टचा दाब प्रोसेसरसाठी सुमारे एका व्होल्टवर आणतो आणि ते करताना तापतो. प्रोसेसर जोरकस असेल, तर या भागावर धातूचे उष्णताशोषक असलेला बोर्डच घ्यावा. नाहीतर ऐन कामात प्रोसेसरची गती मंदावते.

चौथी गोष्ट आकाराची. एटीएक्स बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ रुंद असतो. मायक्रो-एटीएक्स दोन्ही बाजूंनी फार तर २४४. लहान बोर्डाला लहान पेटी पुरते आणि ती मेजावर ठेवता येते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्यातील घराघरांत शिरले, हे आठवले की जमिनीवर पेटी ठेवण्यातला धोका वेगळा सांगावा लागत नाही.

शेवटी, वाढीला जागा ठेवावी. रॅमच्या चार जागा असल्या, तर आज दोन पट्ट्या घालून उरलेल्या दोन पुढच्या सोयीने भरता येतात. सॉकेटही नुकतेच आलेले असले, तर काही वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून भागण्याचा संभव अधिक.

सॉकेट, रॅमचा प्रकार, बायोसची आवृत्ती आणि बोर्डाचा आकार ही चार टिपणे कागदावर लिहून दुकानात जावे. दुकानदार निराळा बोर्ड सुचवील, तर तोही याच चार ओळींशी ताडून पाहावा.